शिट्टी होईपर्यंत

२९ नोव्हेंबर

शीले, तू विसरली असशील म्हणून आधीच सांगते, मी तुझी आई. शेवंता. मुक्काम वसुंधरा, गाझियाबाद, तुझ्या भावाकडे. ही वही मागच्या महिन्यात तूच आणून दिलीस, आणि जाताना तुझा चष्मा, मोबाईलचा चार्जर आणि मला वर्ध्याला नेण्याचं वचन असं तिन्ही इथंच विसरून गेलीस. चष्मा फ्रिजवर आहे. वचन कुठं ठेवलंस ते तू शोध.

दर वेळी फोनवर म्हणतेस, "आई, हे मला कुणी सांगितलंच नाही." सांगितलेलं असतं. म्हणून आता लिहून ठेवते. म्हणजे बोलते मी, लिहिते लुंबिनी. माझी नि अक्षरांची ओळख झाली नाही, आणि ऐंशीव्या वर्षी नव्या ओळखी वाढवायची मला हौस नाही. तुझ्या भाचीला बजावलंय, पदरचं घालायचं नाही, माझं गाळायचं नाही. वही भरली की तुझ्याकडे येईल. तोवर कुणाला दाखवायची नाही, तिच्या बापाला तर नाहीच.

बातमी अशी की प्रफुल्लच्या पानिपतावरच्या 'काळा आंबा' कॅसेटला चाळीस वर्षं झाली. सतरा जानेवारीला गुडगावच्या एका मोठ्या हॉलमध्ये ती अख्खी रेकॉर्ड पुन्हा वाजवणार. तेच तिघं. गिटार आपला प्रफुल्ल, ड्रम अविनाश, कीबोर्ड अंशुमन. लुंबिनी म्हणते या गाण्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. मी लांबण म्हणते. एक गाणं कॅसेटची एक बाजू खातं.

तू तेव्हा शाळेत होतीस, तुला आठवत नसणार. सरोजिनीनगरचं आपलं सरकारी क्वार्टर. आता तिथं पाडून टॉवर उभे केलेत. पोरांनी खिडक्यांना आपल्या सगळ्या रजया ठोकल्या, गुरगुरतो म्हणून फ्रिज बंद केला, आणि तू थंडीत कुडकुडत शेजारी अभ्यासाला गेलीस. टेपचं मशीन उसनं आणलेलं. त्यात तोडून जोडायची सोय नव्हती, एक बाजू एका दमात. म्हणून त्यांचा नियम होता की चुकलं तरी थांबायचं नाही. एक अडखळला तर बाकीच्यांनी तोच तुकडा फिरवत ठेवायचा, तो परत चढेपर्यंत.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी प्रफुल्लची एकट्याची गिटार सुरू व्हायची होती. पोरगं गोठलं. हात उचलेना. ते दोघं आपले फिरवताहेत, फिरवताहेत. मला स्वयंपाकघरात हलायचं नाही असं सांगून ठेवलेलं, पण तुझ्या बाबांची जेवायची वेळ पोरांच्या नियमाने चालते का? मी डाळ लावलेली होती. कुकरने अशी शिट्टी मारली! प्रफुल्ल खो खो हसला, आणि त्या हसण्यातच गिटार सुरू झाली. टेपवर सगळं तसंच राहिलं, शिट्टी, हसू आणि गिटार.

पुढं त्या कॅसेटच्या कॅसेटी झाल्या, होस्टेलाहोस्टेलांत फिरल्या. लुंबिनीच्या कॉलेजातली पोरं अजून ऐकतात. कुठली एक परदेशी मुलगी दंडावर आंब्याचं झाड गोंदवून आली नि माझ्या पाया पडली. एका प्राध्यापकाने लिहिलं की ती शिट्टी म्हणजे पानिपतात मरणाऱ्या फौजेची किंकाळी. मी त्याला घरी बोलावून सांगितलं, "भाऊ, ती तुरीच्या डाळीची." त्याला पटलं नाही.

आता या पोरांचं म्हणणं, स्टेजवर खरा कुकर हवा नि त्याच्यापाशी मी. विचार करते म्हटलं. मनातल्या मनात लुगडं काढून ठेवलं.

६ डिसेंबर

आज महापरिनिर्वाण दिन. सकाळी घरातच बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, वंदना घेतली. मी, प्रफुल्ल, सूनबाई अरुणा, लुंबिनी.

शीले, हे फक्त तुला सांगते. पंचशील म्हणताना प्रफुल्लचा आवाज सुरुवातीला ठीक होता. दुसऱ्या-तिसऱ्या शीलाला बारीक झाला. पाचव्याला, दारू-नशेपासून दूर राहीन म्हणतो त्या शीलाला, आवाजच नाही. नुसते ओठ हलले. मी डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते.

तुझा काका आठव. तोही असाच, पाचव्या शीलाशी आला की त्याला खोकला यायचा.

लुंबिनीचं पेन थांबलंय. काय झालं गं? म्हणते, हात दुखला. एवढ्याशा लिहिण्यानं? लिही.

१४ डिसेंबर

आज तालीम आपल्याकडे. अविनाश आला, "जय भीम आई, अजून तशाच आहात," म्हणाला. मी म्हटलं, "तू नाहीस. तुझे केस कुठं विसरून आलास?" हसला. अंशुमन तर टोमणा कळायच्या आधीच हसतो, बंगाली असून.

प्रफुल्ल हसला नाही. माझ्याकडे बघत होता, पण चेहरा असा, जसं त्याला कुणी वीजबिल वाचून दाखवतंय.

हे आजचं नाही. दिवाळीपासूनच माझ्या बोलण्यावर त्याचा गाल हलत नाही. माझा पोरगा, ज्याला मी नुसती भुवई उचलली तर ठसका लागायचा. मी काय केलंय त्याचं, शीले? मला कळत नाही.

आणखी सांगते. चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला तर उचलत नाही, गार होऊ देतो. आज उचलला आणि बशीत अर्धा सांडला. ओट्याशेजारी उभा होता नि दूध करपून घरभर वास सुटला, याला पत्ता नाही. मी आतल्या खोलीतून धावत आले. "नाक कुठं गहाण ठेवलंस?" म्हटलं, तर "ओह, सॉरी आई," एवढंच, आणि तेही पुटपुटत.

दोन पोरं सही मागायला आलेली. एकाच्या बापाकडे जुनी कॅसेट होती, तिच्यावर प्रफुल्लचं जुनं नाव, मोराच्या पिसासारखं ऐसपैस. त्याच्याखाली याने आज लिहिलं. मला वाचता येत नाही, पण दिसतं तर. मुंग्या चालल्यात असं लिहिलं, आणि शेवटी शेवटी तर मुंगीची पिल्लं.

तालीमही धड नाही. सारखा अडखळतो, मग ते दोघं फिरवत बसतात. अविनाशने एकदा काड्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, "प्रफुल्ल, यार, पुढं ढकलू या का? सच में." प्रफुल्ल म्हणाला, "नाही. पुढं ढकललं तर कधीच नाही." एवढं मात्र त्याने मोठ्यांदा म्हटलं.

का कधीच नाही? मेली तारीख काय शेवटची आहे?

लुंबिनी नाक ओढतेय. सर्दी झाली म्हणते. दिल्लीचा धूर, दुसरं काय.

२ जानेवारी

आज विचारलं. दुपारी तो एकटा होता, गुडघ्यावर हात दाबून बसला होता, जसा हात उडून जाणार आहे.

"प्रफुल्ल, पितोस का?"

तो म्हणाला, "आई, सतरा तारीख होऊ दे. मग सगळं सांगतो. प्लीज."

नाही म्हटलं नाही, शीले. दारू पीत नसलेला माणूस आधी नाही म्हणतो.

मी म्हटलं, "मग तुझ्या सतरा तारखेला मी येत नाही. माझी डाळ घरी शिजते, तमाशात नाही."

अरुणा दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, असं नका ना बोलू." आणि तिचे डोळे भरले. म्हणजे तिलाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून. आता कुकर अरुणा घेऊन बसणार म्हणे. तिची तर घरातसुद्धा डाळ कच्ची राहते.

लुगडं परत पेटीत टाकलं.

१४ जानेवारी

मराठी मंडळाच्या बसने पानिपतला जाऊन आलो, काला अंबच्या स्मारकाला. दर वर्षीसारखं भाषण, फुलं, तिळगूळ, धुकं एवढं की स्मारक शोधावं लागलं.

तुला हे माहीत नसेल, ती रेकॉर्ड इथंच सुरू झाली. तुझे बाबा असेच बसने पोरांना घेऊन आले होते. सगळे सरदारांची नावं घेत होते. बाबांनी पोरांना विचारलं, "आणि आपले कोण होते रे इथं? घोड्याला चारा कुणी घातला, पाणी कुणी वाहिलं, भाकरी कुणी भाजली? ते पण मेले असतील ना?" परतताना तिन्ही पोरं बसमध्ये गप्प होती. त्या गप्प बसण्यातून ती कॅसेट निघाली. म्हणून पहिली बाजू जाणाऱ्यांची आणि दुसरी परत न आलेल्यांची.

आज प्रफुल्ल माझ्यासोबत चालला. बारीक बारीक पावलं, पाय घासत, एक हात लटकलेला. गेटपाशी अडखळला तर एका बाईने दुसरीला कोपराने ढोसलं. भर सकाळी. शीले, मला जमिनीत जावंसं वाटलं. तिळगूळ दिला तर त्याच्या हातातून पडला. मी उचलून दिला नाही.

घरी येताना बसमध्ये त्याने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. वास घेतला मी. कशाचाच आला नाही. आजकाल वास न येणारी पण मिळते म्हणतात.

१७ जानेवारी

दुपार. प्रफुल्ल नि अरुणा कुकर, गिटार सगळं घेऊन मघाशीच गेले. लुंबिनीला मी थांबवून घेतलं, संध्याकाळी कॅबने जाईल. मला करमत नाही म्हणून लिही म्हटलं.

आज मी एक काम केलंय, आणि बरं केलंय. सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा गिटारची पेटी उघडली. या घरात माझा हात फिरत नाही अशी तेवढी एकच जागा, म्हणजे लपवायचं तर तिथंच लपवणार. बाटली नव्हती. गोळ्या होत्या. कापडाखाली, पाकीटच्या पाकीट. औषध असतं तर कपाटात असतं, माझ्या बीपीच्या गोळ्यांशेजारी. टीव्हीवर दाखवतात ना, दिल्लीत पोरं कसल्या कसल्या गोळ्या खाऊन नाचतात. हा साठीच्या पुढचा, याला कुणी नादी लावलं? त्या अविनाशनेच.

सगळ्या काढून घेतल्या. आहेत माझ्या पदराच्या गाठीत. आज एक दिवस तरी स्वतःच्या शुद्धीत वाजव म्हणावं, जसं चाळीस वर्षांपूर्वी

१९ जानेवारी

मधली ओळ अर्धी राहिली, कारण लिहिणारी पेन टाकून उठली. काल दिवसभर मी बोलायच्या लायकीची नव्हते. आज सांगते. लुंबिनी, सगळं लिही, माझी लाज राखू नकोस.

ती पोरगी उभी राहून ओरडली, "आजी, ते औषध आहे! बाबांना पार्किन्सन आहे!" मी म्हटलं, काय आहे? तिला मराठी शब्द सापडेना. हात हलवून दाखवला, पाय घासून दाखवला, चेहरा लाकडासारखा करून दाखवला. मग मला कळलं. कंपवात. आपल्या गावच्या गणपत मास्तरांना होता. पण त्यांचं डोकं हलायचं, म्हणून मला तो ओळखीचा. प्रफुल्लला आतून आवळणारा झालाय. आवाज आवळतो, पाऊल आवळतं, अक्षर आवळतं. वाससुद्धा नेतो म्हणे.

"आणि हसणं?" मी विचारलं.

"बाबा हसतात गं आजी. प्रत्येक वेळी हसतात. फक्त चेहरा साथ देत नाही."

शो होईपर्यंत आजीला सांगायचं नाही अशी त्याने तिला शपथ घातली होती. मला कळलं तर मी त्याला उठू देणार नाही, याची त्याला खात्री. बरोबरच होतं त्याचं. आणि पुढच्या वर्षी बोटं चालतील की नाही, हे डॉक्टरलाही सांगता येईना. म्हणून त्या तालमीत "पुढं ढकललं तर कधीच नाही" म्हणाला होता.

अरुणाचा फोन लागला. तिकडं गोळ्या शोधून झाल्या होत्या, अरुणा दोन केमिस्टकडं जाऊन आली, एकाकडे नव्हत्या, दुसऱ्याला डॉक्टरची चिठ्ठी हवी होती. प्रफुल्ल आवळत चालला होता. पण म्हणतो, सुरू करा, थांबायचं नाही.

गाझियाबादहून गुडगाव. कॅबवाल्याने मोबाईलवर रस्ते गर्दीने लाल झाल्याचं दाखवलं, म्हणून मेट्रो. राजीव चौकाला गाडी बदलायची, तिथली ती गर्दी. लुंबिनीने माझा हात धरलेला आणि मी पदर धरलेला. तपासणीवाली म्हणाली, "अम्माजी, गाँठ में क्या है?" मी म्हटलं, "मेरे बेटे के हाथ हैं." तिला काय कळलं देव जाणे, सोडलं.

पोचलो तेव्हा पहिली बाजू संपत आलेली. पडद्याआडून बघितलं. प्रफुल्ल खुर्चीत बसलेला, दोन-चार सूर वाजवतो, थांबतो. अविनाश घामाघूम होऊन त्याची जागा भरतोय. लोक गप्प. चांगलं ऐकून गप्प बसतात तसे नव्हे.

मग अंशुमनने एकट्यानेच बाजा लांबवला आणि प्रफुल्लला आत आणलं. मी गोळी त्याच्या तोंडात घातली. पेला त्याला धरता येईना, मी धरला, लहानपणी धरायची तसा.

"तुला कुणी सांगितलं आई?"

"तूच सांगत होतास. मला ऐकू आलं नाही."

"लगेच नाही चढत ही. वेळ लागतो. तोवर शेवटचा भाग येईल."

"येऊ दे. शिट्टीआधी तुझी गिटार सुरू होत नाही ना? मग तू बस निवांत." आणि अरुणाला म्हटलं, "ऊठ बाई. शेगडी माझी."

घरचंच लुगडं होतं अंगावर, हळदीचा डाग पडलेलं. तशीच जाऊन बसले स्टेजच्या कोपऱ्यात, विजेच्या शेगडीपाशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी हातानेच गप्प केलं. कुकरचा आवाज ऐकायचा होता मला.

दुसरी बाजू सुरू झाली. परत न आलेल्यांची. प्रफुल्ल थोडं थोडं वाजवत होता, राहिलेलं ते दोघं सांभाळत होते. आणि मग ती जागा आली. तिथं दोघं फिरवतात, फिरवतात, आणि सगळे शिट्टीची वाट बघतात. कुकर भरात आला, वरचं वजन थरथरायला लागलं. प्रफुल्लकडे बघितलं. उजवा हात मांडीवर, मूठ मिटायचा नि उघडायचा. अर्धीच उघडत होती.

मी पदराने धरून कुकर शेगडीवरून अर्धा खाली ओढला. वजन शांत झालं.

ते दोघं फिरवत राहिले. लोकांना वाटलं असंच असतं. कुणीतरी त्या चालीवर टाळी धरली, मग सगळ्यांनी. कुकर पुन्हा थरथरला, मी पुन्हा ओढला. अविनाश माझ्याकडे बघायला लागला. त्याचे दंड भरून आलेले दिसत होते. डोळ्यांनीच म्हणत होता, आई, आता तरी. मी मान हलवली. चाळीस वर्षांपूर्वी तुम्हीच केलेला नियम, फिरवा. अंशुमनच्या नाकावरून घाम कीबोर्डवर टपकत होता. मी माझ्या पोराचा हात बघत होते, बाकी काही नाही. बोटं जरा लांब झाली. मग आणखी. मग त्याने अंगठा एकेका बोटाला लावून बघितला, जसे लहानपणी आकडे मोजायचा.

आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

कुकर पूर्ण शेगडीवर ठेवला. तरी मेला लगेच वाजला नाही, कुणाच्या हुकमाने वाजेल तो कुकर कसला. आणि मग झाली. अशी लांब, अशी खणखणीत शिट्टी!

शीले, प्रफुल्ल हसला. चेहरा तसाच होता, दगड. पण आवाज आला. तोच, टेपवरचा. आणि त्या हसण्यातच गिटार सुरू झाली.

सूर चुकले काही. अंशुमन म्हणाला, कोणते, मला तर दिसले नाहीत. मी म्हटलं, सूर दिसतात का रे? प्रफुल्ल माझ्याकडे बघत होता, नेहमीच्या त्या वीजबिलाच्या चेहऱ्याने. आता मला येतं वाचायला तेवढं.

डाळ मात्र गाळ झाली होती. तरी त्या प्राध्यापकाने वाटी भरून मागून घेतली.

आज सकाळी वंदना घेतली. पाचव्या शीलापाशी त्याचा आवाज गेला, तर मी माझा वाढवला. दोघांचं मिळून पुरतं झालं. डॉक्टर म्हणतात औषध वेळेवर घ्या, बरीच वर्षं निघतील. गोळ्या आता कपाटात आहेत, माझ्या बीपीच्या गोळ्यांशेजारी, आणि मला रंगाने ओळखू येतात.

वही आज पाठवते. वाच, रड, मग डोळे पूस आणि हे ऐक. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडून कुणी दिल्लीला येत असेल तर त्याच्याबरोबर जवसाचे लाडू पाठव. चमच्याने खायचं काही नको, पातळ काही नको. लाडू मुठीएवढे कर, लहान त्याच्या पकडीतून सुटतो. आणि घट्ट वळ. जाडसर कापडात बांध, डब्याचं झाकण त्याला उघडत नाही. विसरू नकोस.